‘इन माय ओपिनियन’च्या याद्या आणि संशोधनातलं ‘मत’



पेट पास झाली, कोर्सवर्क सुरू झालं आणि आता पहिलं प्रेझेंटेशन समोर दिसतंय, अशा टप्प्यावरच्या मुलांकडून मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न विषयाचा नसतोच. तो असतो, “दादा, इंग्रजीत आपलं मत कसं मांडायचं? काही वाक्यं द्या ना.” गंमत म्हणजे विचारणाऱ्याकडे अशा वाक्यांची पीडीएफ आधीच असते. व्हॉट्सॲपवर फिरणारी, चार-पाच पानांची. एका भागात ‘मत मांडणे’, दुसऱ्यात ‘सहमती’, तिसऱ्यात ‘असहमती’, शेवटी ‘अंशतः सहमती’. इन माय ओपिनियन, आय स्ट्राँगली बिलीव्ह, आय कुडन्ट ॲग्री मोअर, आय बेग टू डिफर, विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट... अशी शंभरेक वाक्यं.

अशा बऱ्याच याद्या मी वाचल्या आहेत. आज त्यांच्याबद्दलच लिहितो. माझं म्हणणं असं की या याद्या तोंड उघडायला मदत करतात, पण संशोधनात आपण जिथे खरे अडतो तिथे गप्प बसतात. काही ठिकाणी तर चुकीच्या स्टेशनवर उतरवून देतात.

आधी त्यांची बाजू घेतो, कारण अशा यादीला हसणं फार सोपं आहे आणि हसणारे बहुतेक इंग्रजी शाळेतून आलेले असतात. अर्जुनी मोरगावचा मुलगा घरी झाडीबोली बोलतो, शाळेत प्रमाण मराठी लिहितो, बाजारात हिंदीही चालते, आणि बी.एस्सी.ला गेल्यावर अचानक सगळी पुस्तकं इंग्रजीत. इंग्रजी त्याने वाचलेली असते, कानावर फारशी आलेली नसते. गोंदिया-बल्लारशाह लाइनवरच्या गाडीत बसून नागपूरला जाणाऱ्या अशा मुलाला, सेमिनारमध्ये पहिलं वाक्य कुठून सुरू करायचं हे कुणी लिहून दिलं तर ती लहान गोष्ट नाही. आपल्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटली. वडिलांच्या पिढीने रॅपिडेक्स घेतलं, ज्याच्या जाहिरातीत कपिल देव होता. आपल्या वाट्याला पीडीएफ आली. गरज तीच आहे. पाठमालेत निदान वाक्य कसं बनतं ते कळायचं. पीडीएफमध्ये वाक्य तयार मिळतं, बनतं कसं ते कळत नाही. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

शाळेतही याचीच सवय लागते. दहावीच्या इंग्रजी पेपरातला व्ह्यू-काउंटरव्ह्यू आठवतो का? एका बाजूचे मुद्दे दिलेले असतात, आपण उलट बाजू लिहायची. मोबाइल चांगला असं दिलं असेल तर वाईट, आणि वाईट दिलं असेल तर चांगला. बारावीच्या नव्या अभ्यासक्रमात तर ग्रुप डिस्कशन लेखी आहे! म्हणजे तीन-चार जणांची चर्चा एकट्याने कागदावर लिहायची. मग पहिला म्हणतो, ‘इन माय ओपिनियन’. दुसरा म्हणतो, ‘आय ॲग्री विथ यू, बट’. तिसरा म्हणतो, ‘यू बोथ आर राइट’. आणि चर्चा संपते. कुणाचंही मत बदलत नाही, कुणीही “म्हणजे काय?” असं विचारत नाही, कुणी पुरावा मागत नाही. मार्क मिळतात. प्रश्न काढणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, बोलण्याचा सराव व्हावा हाच असेल. पण त्यातून हाताला लागतं ते एवढंच की मत म्हणजे एक बाजू, आणि ती बाजू कुठलीही घेता येते. हेच डोक्यात घेऊन आपण पीएच.डी.ला येतो.

आता याद्यांकडे. पहिली अडचण छोटी आहे, पटकन सांगून पुढे जातो. त्यांत वाक्यांचं वजन आणि जागा सांगितलेली नसते. ‘आय बेग टू डिफर’ हे औपचारिक, थोडं जुन्या वळणाचं आणि आज बऱ्याचदा टोमण्याच्या सुरात येणारं वाक्य. त्याच्याच खाली ‘नो वे’ असतं, जे मित्राशी बोलायचं. ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’ ऐकलं की इंग्रजी कानाला कळतं की आता आदर संपला. आपल्याकडे कुणी “राग मानू नका, पण” असं म्हटलं की आपण जसे सावध होतो ना, तसंच. यादीत मात्र हे ‘विनम्र असहमती’ या मथळ्याखाली येतं.

मराठीतून येणाऱ्या चुकांबद्दलही याद्या बोलत नाहीत. आपण ‘माझ्या मते’चं भाषांतर करतो आणि म्हणतो ‘अकॉर्डिंग टू मी’. इंग्रजीत ‘अकॉर्डिंग टू’ दुसऱ्याच्या माहितीसाठी येतं: अमुक लेखकाच्या म्हणण्यानुसार, तमुक अहवालानुसार. स्वतःलाच स्वतःचा संदर्भ देणं परक्या कानाला विचित्र लागतं. ‘मी सहमत आहे’ मधला ‘आहे’ घेऊन आपण ‘आय ॲम ॲग्री’ म्हणतो. या चुका मला गंभीर वाटत नाहीत, समोरच्याला अर्थ कळतो. एक चूक मात्र महागात पडू शकते: ‘आय हॅव अ डाउट’.

आपल्याकडे शंका म्हणजे प्रश्न. शंकानिरसन, डाउट सेशन, डाउट क्लिअर करणे. भारतात कुठेही हे वाक्य म्हटलं तर सर हसून “विचार” म्हणतील. पण बाहेरच्या माणसाला ‘आय हॅव अ डाउट अबाउट युअर मेथड’ हे ऐकू येतं असं: तुमची पद्धत मला संशयास्पद वाटते. एका परिषदेत मी हे डोळ्यांनी पाहिलं. विचारणाऱ्या मुलीला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं की पाण्याचे नमुने कोणत्या खोलीवरून घेतले. परदेशी वक्त्याने दहा मिनिटं आपल्या पद्धतीचा बचाव केला आणि खोली सांगितलीच नाही. ती बिचारी बाहेर आल्यावर म्हणाली, “यांना राग का आला?” ‘आय हॅव अ क्वेश्चन अबाउट’ एवढा बदल पुरला असता. अशी एक ओळ यादीतल्या वीस ‘आय बिलीव्ह’पेक्षा जास्त कामाची.

पण ही सगळी वरवरची डागडुजी झाली. याद्यांवरचा माझा खरा आक्षेप दुसरा आहे.

याद्या असं धरून चालतात की तुमच्याकडे एक मत आहे आणि त्याच्या पुढे एक तुकडा जोडला की ते नीट मांडलं जातं. संशोधनात मताला एवढी किंमत नसते. किंमत असते ती या गोष्टीला, की तुम्ही जे म्हणताय ते किती खात्रीने म्हणू शकता. ही खात्री वाक्याच्या सुरुवातीच्या तुकड्यात नसते. ती क्रियापदात असते.

आपल्याच भागातलं उदाहरण घेऊ. गोंदिया-भंडाऱ्याकडचे मामा तलाव तुम्हाला माहीत आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी लोकांनी बांधलेले, पुढे मालगुजारांच्या ताब्यात असलेले आणि मालगुजारी गेल्यावर ‘माजी’ झालेले. अनेक तलावांत आता बेशरमची झाडं माजली आहेत. समजा, तुम्ही दहा तलाव घेतले, प्रत्येकात बेशरमने किती भाग व्यापला ते मोजलं, आणि किती जातींचे मासे सापडले ते मोजलं. जिथे बेशरम जास्त तिथे जाती कमी निघाल्या. आता हे मांडायचं आहे.

यादी पाठ असलेला विद्यार्थी लिहितो: ‘इन माय ओपिनियन, बेशरम डिक्रीझेस फिश डायव्हर्सिटी.’ त्याला वाटतं की ‘इन माय ओपिनियन’ लावल्याने आपण नम्र झालो, सुरक्षित झालो. पण वाक्य वाचा. ‘डिक्रीझेस’ म्हणजे बेशरममुळेच मासे कमी होतात, कायम होतात. एवढा मोठा कार्यकारण दावा तसाच उभा आहे, फक्त त्याच्या दाराला ‘हे माझं घर’ अशी पाटी लावली. दहा तलावांवरून हे सिद्ध होत नाही. कदाचित जिथे गाळ साचला आणि पाणी उथळ झालं तिथे बेशरमही वाढली आणि मासेही गेले. दोन्हींचं कारण गाळ. परीक्षक हाच प्रश्न विचारणार, आणि ‘इट्स माय ओपिनियन सर’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही.

आता ‘इन माय ओपिनियन’ काढून टाका आणि क्रियापदावर काम करा. ‘फ्यूअर फिश स्पीशीज वेअर रेकॉर्डेड इन टँक्स विथ डेन्स बेशरम कव्हर.’ हे तुम्ही पाहिलं, मोजलं. इथे घाबरत ‘मे’ लावायची गरजच नाही. ‘डेन्स कव्हर वॉज असोसिएटेड विथ लोअर फिश डायव्हर्सिटी.’ संबंध आहे एवढंच, कारण नाही. आणि ‘असोसिएटेड’ लिहिताना आकडेमोड केलेली असावी. ‘बेशरम मे कॉन्ट्रिब्यूट टू द डिक्लाइन.’ ही शक्यता, डिस्कशनमध्ये. ‘वन पॉसिबल एक्स्प्लनेशन इज सिल्टेशन.’ हा दुसरा रस्ता उघडा ठेवला. या चार वाक्यांत ‘मी’ कुठेच नाही, ‘ओपिनियन’ कुठेच नाही, तरी प्रत्येक वाक्यात तुमचा निर्णय आहे. भाषाशास्त्रात याला हेजिंग म्हणतात. जॉर्ज लॅकॉफने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हा शब्द रूढ केला आणि केन हायलंडने १९९८ मध्ये विज्ञानाच्या शोधनिबंधांतल्या हेजिंगवर अख्खं पुस्तक लिहिलं.

हे ऐकून काही जण म्हणतात, “हे सगळं इंग्रजीचं नाटक आहे, आपण मराठी माणसं सरळ बोलतो.” अजिबात नाही. मराठी या बाबतीत फार श्रीमंत आहे, आपण लक्ष देत नाही एवढंच. पाहा:

तलावात मासे कमी आहेत. (मी मोजले.)
तलावातले मासे कमी झालेले दिसतात. (खुणा पाहिल्या, जाळी रिकामी येताहेत.)
मासे कमी झाले असावेत. (तर्क, कारण बाकी गोष्टी तिकडे बोट दाखवतात.)
मासे कमी झाले असतील. (अंदाज.)
मासे कमी झाले म्हणे. (कुणीतरी सांगितलं.)

पाच वाक्यं, पाच वेगवेगळ्या दर्जाचे पुरावे, आणि यासाठी कुठलीही यादी पाठ करावी लागली नाही. तलावावर जाळं टाकणाऱ्या ढिवर माणसाला विचारलं तर तो या पाचांत कधी गल्लत करत नाही. “यंदा मासा कमी असन” आणि “यंदा मासा कमी हाये” यांतला फरक त्याच्या पोटाशी जोडलेला असतो. काही भाषांमध्ये तर हे सांगणं व्याकरणाचाच भाग आहे. तुर्की भाषेत स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं-ताडलेलं यांसाठी क्रियापदाची रूपं वेगळी. तिबेटीतही ‘आहे’ कसं म्हणायचं हे तुम्हाला ते कसं कळलं यावर ठरतं. आपल्या तालुक्यात गोठणगावकडे तिबेटी वसाहत आहे. तिथे कुणी मित्र असेल तर त्याला विचारून पाहा, मजा येईल.

मग या पाच वाक्यांची जागा थिसिसमध्ये कुठे? ‘कमी आहेत’ रिझल्टमध्ये. ‘कमी झालेले दिसतात’ हेही तिथेच, पण कशावरून दिसतात ते सांगून. ‘असावेत’ डिस्कशनमध्ये. ‘असतील’ शेवटी, पुढच्या संशोधनाच्या परिच्छेदात. आणि ‘म्हणे’ म्हणजे रिव्ह्यू ऑफ लिटरेचर! ‘इट हॅज बीन रिपोर्टेड दॅट’ याचं अस्सल मराठी ‘म्हणे’च आहे. फक्त तिथे “कोण म्हणे?” याचं उत्तर संदर्भात द्यावं लागतं. मी ज्युनिअरना सांगतो की आधी वाक्य मराठीत म्हणा, ‘असावेत’ की ‘असतील’ ते ठरवा, आणि मग इंग्रजीत जा. इंग्रजीतून सुरुवात केली की हात थेट यादीकडे जातो आणि सगळ्याच वाक्यांवर ‘आय थिंक’चा शिक्का बसतो.

(मराठी थिसिसवाल्यांनी खूश होऊ नये. ‘असे दिसून येते’ या तीन शब्दांनी आपल्याकडे जे केलंय ते कुठल्याच इंग्रजी यादीने केलेलं नाही. तक्त्यातून दिसून येतं, इतिहासातून दिसून येतं, काहीच नसलं तरी दिसून येतं.)

खात्रीचे शब्द ढिसाळ वापरले तर काय होतं याची एक प्रसिद्ध गोष्ट आहे, अमेरिकेच्या गुप्तचर खात्यातली. १९५१ मध्ये युगोस्लाव्हियावर हल्ला होईल का, याबद्दल एक अंदाज लिहिला गेला आणि त्यात हल्ल्याची ‘सिरियस पॉसिबिलिटी’ आहे असं म्हटलं होतं. ते काम पाहणाऱ्या शर्मन केंटला नंतर एका अधिकाऱ्याने सहज विचारलं, म्हणजे नेमकं किती? केंट म्हणाला, हल्ला होण्याच्या बाजूने साधारण ६५ विरुद्ध ३५. अधिकारी चमकला, त्याने ते बरंच कमी धरलं होतं. मग केंटने आपल्या सहकाऱ्यांना, म्हणजे ज्यांनी मिळून ते वाक्य मान्य केलं होतं त्यांनाच, विचारलं. कुणी ८० विरुद्ध २० म्हणालं, कुणी थेट २० विरुद्ध ८०. एका टेबलाभोवती बसून सगळ्यांनी एकच शब्द मान्य केला आणि प्रत्येकाने अर्थ आपापला घेतला. केंटने यावर १९६४ मध्ये एक लेख लिहिला, तो आजही वाचला जातो.

हवामानबदलावरच्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाने याच दुखण्यावर उपाय म्हणून शब्दांना आकडे बांधून दिले. त्यांच्या अहवालात ‘लाइकली’ म्हणजे ६६ ते १०० टक्के शक्यता, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ९० ते १००, ‘व्हर्च्युअली सर्टन’ म्हणजे ९९ ते १००, आणि ‘अबाउट ॲज लाइकली ॲज नॉट’ म्हणजे ३३ ते ६६. आपल्या छोट्या थिसिसला एवढं लागत नाही. पण पुढच्या वेळी ‘इट इज व्हेरी लाइकली दॅट’ लिहिताना हात जरा थांबावा. दहा तलावांवर ९० टक्के?

उलट टोकही आहे. काही मुलांना हेजिंग कळलं की ती प्रत्येक वाक्यात तीन-तीन ‘मे’ घालतात: ‘इट मे पॉसिबली सजेस्ट दॅट देअर माइट बी’. हे वाचून परीक्षकाला वाटतं की मुलाने काहीच पाहिलं नाही. नमुन्याचा पीएच ८.२ आला तर तो ८.२ आला. तिथे कसली नम्रता? मोजलेलं ठामपणे सांगायचं आणि त्याचा अर्थ लावताना जपून पाऊल टाकायचं.

जपून टाकलेलं पाऊल किती दूर जाऊ शकतं, यासाठी डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ मधला ‘नेचर’मधला निबंध पाहा. जेमतेम एक पान आणि थोडं. सुरुवातीलाच ते रचना ‘सिद्ध’ करत नाहीत, ‘सुचवतात’. शेवटाकडे, या रचनेतून जनुकीय द्रव्याची नक्कल कशी होत असेल हे आमच्या ध्यानात आलेलं आहे, एवढंच एका वाक्यात, तेही नकाराच्या वळणाने सांगून थांबतात. क्रिकने पुढे सांगितलं आहे की त्याला यावर जास्त लिहायचं होतं, वॉटसनला रचना चुकीची निघेल अशी धास्ती होती, आणि ते वाक्य म्हणजे दोघांची तडजोड. पाच आठवड्यांनी, ३० मे १९५३ ला, दुसरा निबंध आला आणि त्यात त्यांनी तो मुद्दा उघडपणे मांडला. मला हा प्रसंग आवडतो. त्या वाक्याला बरेच जण इंग्रजी विनयाचा नमुना म्हणतात. मला त्यात हिशोब दिसतो. दावा तर नोंदवला, पण हातात जेवढं होतं तेवढाच.

आता प्रतिसादाकडे, म्हणजे दुसऱ्याच्या मताला उत्तर देण्याकडे. इथे याद्या सर्वात उघड्या पडतात.

अनिता पोमेरांट्झ या अभ्यासक बाईंनी लोकांची खरीखुरी बोलणी रेकॉर्ड करून, बारकाईने लिहून काढून तपासली. १९८४ मध्ये त्यांचा सहमती-असहमतीवरचा लेख आला. त्यात दिसतं ते असं: सहमती लगेच येते, कधी कधी समोरच्याचं वाक्य संपायच्या आत. असहमती उशिरा येते. आधी छोटा थांबा, मग ‘वेल’, मग थोडीशी सहमती, आणि नंतर खरं म्हणणं. आपल्याकडेही तेच. “हो, बरोबर आहे... नाही, म्हणजे... तसं पाहिलं तर...” इथपर्यंत आलं की समोरच्याला कळतं की हा आता नाही म्हणणार. उलटा प्रकार एकच. कुणी स्वतःलाच कमी लेखलं, “माझं प्रेझेंटेशन काही खास नाही झालं,” तर तिथे नाही म्हणायला उशीर करून चालत नाही. “नाही रे, मस्त झालं” हे झटकन यावं लागतं, थांबलात तर मेलात.

म्हणजे असहमतीचं अर्धं काम थांब्यात आणि सुरात होतं. यादीत थांबा छापता येत नाही. म्हणून पाठ केलेलं ‘आय डोन्ट ॲग्री विथ यू’ अचूक असूनही थप्पड मारल्यासारखं पडतं. आणि ते तसं पडेल या भीतीने आपली मुलं दुसऱ्या टोकाला जातात: ‘येस सर’.

या ‘येस सर’ने झालेलं नुकसान मी जवळून पाहिलंय. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार दर सेमिस्टरला संशोधन सल्लागार समितीपुढे, म्हणजे आरएसीपुढे, प्रगती मांडायची असते. माझ्या ओळखीच्या एका मुलाला पहिल्याच बैठकीत एका सदस्याने सांगितलं, तलाव वाढवा. दुसऱ्याने सांगितलं, तलाव कमी करा पण वर्षभराचे महिन्या-महिन्याचे नमुने घ्या. तिसऱ्याने कीटकनाशकांचे अवशेष तपासायला सांगितले. तिघांनाही त्याने ‘येस सर, आय ॲग्री विथ यू सर’ म्हटलं. इतिवृत्तात तिन्ही सूचना ‘मान्य’ म्हणून नोंदल्या गेल्या. पुढच्या बैठकीत तिघांनीही आपापली सूचना कुठे आहे म्हणून विचारलं. अवशेष तपासायचं यंत्र त्याच्या विभागात नव्हतंच. सहा महिने गेले, पावसाळ्याचा एक अख्खा हंगाम नमुन्यांशिवाय गेला, आणि तलावाच्या कामात गेलेला पावसाळा पुढच्या वर्षीच परत येतो. मुलगा हुशार. मत होतं त्याच्याकडे. बाहेर आल्यावर त्याने मला तिन्ही सूचनांतला विरोध पाच मिनिटांत समजावून सांगितला, मराठीत, एकदम स्वच्छ.

याला फक्त इंग्रजी जबाबदार नाही. सरांपुढे “मला वाटतं” म्हणणं हेच आपल्याकडे आगाऊपणाचं मानलं जातं, आणि समितीत बसलेल्यांनीही यावर विचार करायला हरकत नाही. जिथे प्रश्न विचारला की “आधी ऐकून घे” असं उत्तर येतं, तिथे कुठलीच यादी चालणार नाही. पण जिथे समिती ऐकायला तयार असते तिथेही आपल्याकडे मधली वाक्यं नसतात. यादी हो, नाही आणि अर्धं हो एवढंच देते. बैठकीत लागतं ते यांच्या पलीकडचं. समजून घ्यायचं वाक्य: ‘सर, डू यू मीन मोअर टँक्स, ऑर मोअर सॅम्पल्स फ्रॉम द सेम टँक्स?’ मर्यादा सांगायचं वाक्य: ‘विथ द इक्विपमेंट वी हॅव, आय कॅन मेझर नायट्रेट अँड फॉस्फेट, बट नॉट पेस्टिसाइड रेसिड्यूज.’ दोन सूचनांतला पेच समितीपुढेच ठेवायचं वाक्य: ‘इफ आय सॅम्पल एव्हरी मंथ, आय कॅन कव्हर ओन्ली फोर टँक्स. विच शुड आय गिव्ह प्रायॉरिटी?’ यात कुठे असहमती दिसते का? शब्दांत नाही. पण निर्णय घ्यायला समिती भाग पडते, आणि इतिवृत्तात ‘मान्य’ऐवजी काहीतरी नेमकं लिहिलं जातं. इंग्रजी साधंच आहे, दहावीच्या मुलाला जमेल असं. अवघड आहे ते घरून गणित करून जाणं: महिन्याला किती तलाव, किती बाटल्या, किती किराया.

लेखी प्रतिसादाचंही तसंच. जर्नलचे रिव्ह्यूअर्स शेरे देतात आणि आपण मुद्देसूद उत्तर द्यायचं असतं. यासाठीही याद्या फिरतात: ‘वी थँक द रिव्ह्यूअर फॉर धिस इनसाइटफुल कमेंट’. प्रत्येक शेऱ्याला हेच. स्पेलिंगची चूक दाखवली तरी ‘इनसाइटफुल’! पंधरा वेळा आभार वाचून रिव्ह्यूअरला कळतं की हे कॉपी-पेस्ट आहे. एकदा सुरुवातीला आभार माना, पुरे. जिथे त्यांचं म्हणणं पटलं तिथे काय बदललं आणि कोणत्या पानावर ते लिहा. जिथे पटलं नाही तिथे ‘वी रिस्पेक्टफुली डिसॲग्री’ लिहायला हरकत नाही, पण पुढचं वाक्य ‘बिकॉज’ने सुरू झालं पाहिजे आणि त्या ‘बिकॉज’मागे आकडा, आकृती किंवा संदर्भ हवा.

याद्यांपैकी एक मात्र मी स्वतः उघडून ठेवतो: मँचेस्टर विद्यापीठाच्या जॉन मॉर्ली यांनी तयार केलेली अकॅडेमिक फ्रेजबँक. तिची मांडणी ‘सहमती-असहमती’ अशी नाही. आधीच्या संशोधनातली उणीव दाखवणे, निष्कर्षाची मर्यादा सांगणे, आधीच्या कामाशी तुलना करणे, अशी कामाप्रमाणे आहे. म्हणजे आधी आपल्याला काय करायचंय ते ठरवावं लागतं, मग वाक्य सापडतं. तिचाही गैरवापर होतोच, दहा थिसिसमध्ये एकच वाक्य भेटतं. तरी व्हॉट्सॲपच्या पीडीएफपेक्षा ती कितीतरी बरी.

तुमच्याकडची पीडीएफ डिलीट करा असं मी म्हणणार नाही. एक करून पाहा. त्यातलं कुठलंही एक वाक्य घ्या, समजा ‘आय पार्शली ॲग्री’, आणि त्याच्यापुढे स्वतःच्या विषयातलं वाक्य पूर्ण करा: कोणत्या भागाशी सहमत, कोणत्या भागाशी नाही, आणि कशावरून. पूर्ण झालं तर मला पाठवा, मराठीत असलं तरी चालेल. पुढच्या वेळी सिनॉप्सिसमधल्या ऑब्जेक्टिव्ह्जवर लिहितोय. त्यासाठी दोन-तीन खऱ्या सिनॉप्सिस हव्यात, नावं झाकून देईन.